लाल आक्रमक डेक की पांढरा-निळा कंट्रोल?

तालुक्याच्या गावी 'मॅजिक' या कार्डांच्या खेळाची स्पर्धा म्हणजे आठ-दहा पोरं, दोन टेबलं आणि वर गरगरणारा पंखा. अशा ठिकाणी मी लाल डेकच्या, म्हणजे झटपट हल्ला करणाऱ्या कार्डांच्या संचाच्या बाजूनं; कंट्रोल म्हणजे समोरच्याचे डाव हाणून पाडत खेळणारा डेक.

सुरुवातीला दोघांनाही 20 लाइफ, म्हणजे जीव. लाल डेक समोरच्याचे ते चार-पाच टर्नमध्ये संपवायला निघतो: पहिल्याच टर्नला एका मानाचा (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती) क्रीचर, म्हणजे लढणारा प्राणी, मग दर टर्नला हल्ला, शेवटी 'लायटनिंग बोल्ट' हे कार्ड. एक माना, सरळ 3 डॅमेज. 60 कार्डांत 20च्या आसपास लँड, म्हणजे माना देणारी कार्डं, पुरतात. कंट्रोलवाल्याला चार-पाच जास्तच लागतात, कारण त्याला खेळ लांबवायचा असतो. त्यासाठी समोरून काय येणार याचा अंदाज हवा. अन् आपल्याकडची पोरं काय घेऊन येतील, बाप्पा, काही नेम नाही! उत्तर राखून ठेवणार कशाचं?

वेळेचंही आहेच. 50 मिनिटांत तीनपैकी दोन गेम जिंकायचे. कंट्रोलवाले बरोबरीत अडकतात. लालवाला तोवर चहा पिऊन, वरुडच्या शेवटच्या एसटीची चौकशी करून येतो.

पण आक्रमक म्हणजे डोळे मिटून मारणं नव्हे. समोर चौथं लँड पडायच्या बेतात असेल, तर हातातले सगळे क्रीचर मांडू नका. कंट्रोलवाल्याचं 'रॅथ ऑफ गॉड' हे कार्ड चार मानात टेबलावरचे सगळे क्रीचर साफ करतं, पऱ्हाटीवर गारपीट व्हावी तसं. दोन टेबलावर, दोन हातात ठेवा.

नागपुरात, जिथे एकमेकांचे डेक पाठ असतात, तिथे मात्र खुशाल कंट्रोल न्या.