जर्मनीत पोळ्यांचं पीठ: सुपरमार्केटचं की भारतीय दुकानातलं?

सुपरमार्केट कोपऱ्यावरच असतं, पीठही स्वस्त. पण पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे, आणि नवख्याला त्यांचा अर्थ सांगणारं कुणी नाही! १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर जितके मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा मोठा, तसा कोंड्याचा अंश जास्त. ४०५ जवळजवळ मैदाच. पोळ्या चामट होतात. १०५० त्यातल्या त्यात बरं.

भारतीय दुकानातलं चक्कीचं पीठ पाणी जास्त धरतं, म्हणून डब्यातली पोळी दुपारीही मऊ लागते. मात्र १० किलोची पिशवी ट्राममधून आणायची, तीही शनिवारीच, कारण रविवारी कायद्याने दुकानं बंद. रोज डबा नेत असाल तर ही यातायात कराच. एकट्यादुकट्याला १०५० चालेल.