ठाण्यातली नोंद की दाराआडची मुलाखत?

जिल्ह्यात बायकांना घरात किती मारहाण होते, हे शोधायला पोलिसांकडचे कलम ४९८-अचे (नवऱ्याकडून वा सासरकडून छळ; आता न्याय संहितेचं ८५) गुन्हे मोजणं सोपं. ठाणेवार नोंदी असतात. पण आकडा वाढला तो मारहाणीमुळे की तक्रारीच्या हिमतीमुळे, कळायचं कसं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात विचारतात: ढकललं का? थोबाडीत मारली का? सासू डोकावली की विषय बंद. २०१९-२१च्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी देशभरात जेमतेम १४ टक्के बायकांनी मदत मागितली होती. तीही बहुतेकींनी माहेरी. म्हणून माझा कल मुलाखतीकडे. अडचण एकच, हिंसेचे हे आकडे राज्यापुरतेच मिळतात. जिल्ह्यासाठी पुन्हा ठाण्याचीच पायरी.