पायोनियर एसएक्स-780 : दुरुस्तीला दिलेल्या जुन्या रिसीव्हरचा अनुभव

नाशिकच्या पंचवटीतील आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना थोरल्या काकांचा पायोनियर एसएक्स-780 हा स्टीरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र, चादरीत गुंडाळलेला सापडला. काकांनी तो नोकरी संपवून कुवेतहून परतताना आणला होता. हे मॉडेल 1978 मध्ये बाजारात आले. आठ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येक चॅनेलला 45 वॉट एवढी त्याची ताकद असून रुपेरी दर्शनी पट्टीवर दोन्ही चॅनेलचे वॉट दाखवणारे काट्याचे मीटर आहेत. चालू केल्यावर डावा स्पीकर व्यवस्थित वाजला, उजवा मात्र मुका राहिला. व्हॉल्यूम झटकन वाढवला की उजवी बाजू एकदम जागी होई आणि आवाज कमी केल्यावर काही मिनिटांत पुन्हा बंद पडे. स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या तरी दोष उजव्या चॅनेललाच राहिला, म्हणजे स्पीकर निर्दोष होते.

मी तो प्रथम शहरातील एका मोठ्या, झगमगीत दुकानात नेला. तेथील तंत्रज्ञाने झाकणाचा एकही स्क्रू न काढता ‘एसटीके उडालाय’, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारे मॉड्यूल जळाले आहे, असे निदान केले आणि आतले सगळे सामान काढून त्या जागी ब्लूटूथचा तयार बोर्ड साडेतीन हजारांत बसवून देण्याची तयारी दाखवली. वरवर पाहता त्याची शंका अगदीच निराधार नव्हती. या रिसीव्हरच्या प्रत्येक चॅनेलमध्ये सान्योचे एसटीके-0050 हे एकसंध आउटपुट मॉड्यूल असते, त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे आणि त्या नावाने आज मिळणाऱ्या मालात नकली मालाचा भरणा मोठा आहे. सुट्या ट्रान्झिस्टरांच्या रिसीव्हरमध्ये मिळताजुळता पर्यायी ट्रान्झिस्टर बसवून वेळ निभावता येते, तशी सोय येथे नाही. त्यामुळे मॉड्यूल खरोखर जळले असते, तर मी हा रिसीव्हर दुरुस्तीला न देता काकांची आठवण म्हणून कपाटावर ठेवला असता.

परंतु स्विच दाबल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येत होता. हा आवाज स्पीकरच्या संरक्षणासाठी बसवलेल्या रिलेचा, म्हणजे विजेने आपोआप जोडल्या-तुटणाऱ्या स्विचचा असतो. आउटपुटला स्पीकर जाळू शकणारे डीसी (एकाच दिशेचे) व्होल्टेज आले, तर संरक्षक सर्किट हा रिले जोडूच देत नाही. मॉड्यूल शॉर्ट झाले असते, तर ती टक् बहुधा ऐकूच आली नसती. शिवाय आवाज मोठा केल्यावरच चॅनेल सुरू होणे हे रिलेचे संपर्कबिंदू काळे पडल्याचे नेहमीचे लक्षण आहे, कारण त्या काळ्या थरातून क्षीण सिग्नल पार होत नाही आणि जोरकस सिग्नल मात्र वाट काढतो. माळ्यावर इतके पावसाळे काढलेल्या यंत्रात हे घडणे स्वाभाविकच होते.

मग रविवार कारंजाजवळच्या एका बोळात पाटी नसलेल्या दुकानात गेलो. ‘साहेब, आधी सिरीजवर लावू, मग खर्चाचं बोलू,’ हे तेथील वयस्कर कारागिराचे पहिले वाक्य. त्यांनी रिसीव्हर शंभर वॉटच्या पिवळ्या दिव्याशी सिरीजमध्ये जोडला. दिवा क्षणभर लख्ख पेटून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नव्हता. झाकण काढल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला पालीच्या अंड्यांची टरफले निघाली, ती त्यांनी शांतपणे ब्रशने झाडून घेतली आणि मीटर लावला. आउटपुटवरील डीसी डाव्या बाजूला 18 आणि उजव्या बाजूला 23 मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्यच भरले. दोन्ही मॉड्यूल शाबूत आहेत हे तेथेच नक्की झाले आणि दुरुस्तीचा निर्णयही तेथेच झाला.

रिलेला पॉलिश पेपर मारून चालवण्याबद्दल मी विचारले, तेव्हा ‘दिवाळीपर्यंत चालेल, नंतर परत याल’ असे सांगून त्यांनी त्याच व्होल्टेजचा नवा रिले बसवला. सुकलेले छोटे कंडेन्सर बदलले, मोठे दोन फिल्टर कंडेन्सर मात्र मोजून चांगले निघाल्यामुळे तसेच ठेवले. सरसकट सगळे बदलण्याचा आग्रह न धरणारा कारागीर मला अधिक विश्वासाचा वाटतो. व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. मागचा व्होल्टेज सिलेक्टर 220 वर होता, तो त्यांनी 240 वर फिरवला, कारण आपल्याकडचा 230 चा पुरवठा रात्री अनेकदा त्याहून वर चढतो.

एकूण 3,800 रुपये झाले. तक्रारी दोन आहेत. चार दिवसांच्या वायद्याला अकरा दिवस लागले आणि मागूनही छापील बिल मिळाले नाही. तीन महिन्यांची हमी वहीच्या कागदावर लिहून मिळाली, पण ती फक्त रिलेपुरती आहे. तरीही या दुकानाला मी पाचपैकी चार गुण देईन.

आता दोन्ही बाजू सारख्या वाजतात. नाशिक आकाशवाणीचे 101.4 मेगाहर्ट्झ केंद्र लावले, की तबल्याच्या बायाँची घुमक भिंतीपर्यंत भरून राहते. माझ्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ती कधी जाणवलीच नव्हती. डायलमागचे फ्यूजच्या नळीसारखे दोन दिवे गेलेले आहेत. त्या जागी एलईडी बसवता येतात, पण त्यांचा प्रकाश मला भगभगीत वाटला, म्हणून तूर्त डायलची एक बाजू अंधारातच ठेवली आहे.

हेच मॉडेल परदेशातून मागवण्याचा कोणाचा विचार असेल, तर अमेरिकेतील प्रत घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. ती 120 व्होल्टवर चालते, त्यामुळे पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तेथील एफएमची डी-एम्फसिस (केंद्राने वाढवून पाठवलेले उंच स्वर रिसीव्हरमध्ये पुन्हा कमी करण्याचे प्रमाण) 75 मायक्रोसेकंदांची आणि आपल्याकडील 50 ची असल्याने आपली केंद्रे तिच्यावर किंचित दबलेली ऐकू येतात. आणि विकणाऱ्याने ‘फक्त आवाज येत नाही’ असे सांगितले, तर चालू केल्यावर रिलेची टक् ऐकू येते का, एवढे व्हिडिओ कॉलवर ऐकवायला सांगावे. ती येत नसेल, तर मी त्या रिसीव्हरला भंगाराच्या भावापेक्षा अधिक किंमत देणार नाही.