गिरगावात पगडीची खोली घ्यायची की डोंबिवलीत वन बीएचके?

मी लग्नाआधी गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या चाळीत आणि आता नऊ वर्षं डोंबिवलीत, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

ऑफिस फोर्ट किंवा चर्चगेटला असेल तर गिरगावला तोड नाही. चर्नी रोडहून चर्चगेट दोन स्टेशनं, शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशनही सुरू झालंय. डोंबिवलीहून सीएसएमटी ४८ किलोमीटर, फास्ट लोकलनेही सव्वा तास धरा, आणि सकाळी आठला गाडीत शिरणं हीच रोजची लढाई, घरी येईपर्यंत जीव उरत नाही.

पण खरा फरक कागदाचा आहे. पगडी म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणं, त्यात तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूच राहता. भाड्याची पावती नावावर करायला घरमालकाची संमती लागते, वर त्याचा हिस्सा द्यावा लागतो, साधारण एक तृतीयांश धरतात. बँका पगडीवर सहसा होम लोन देत नाहीत, म्हणजे सगळी रक्कम आपल्याकडे हवी. डोंबिवलीत लोन मिळतं, घर नावावर होतं, फक्त परवानग्या वकिलाकडून तपासून घ्या, कारण बनावट कागदांवर महारेरा नंबर (बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंदणी) मिळवलेल्या ६५ बिल्डिंगांचं प्रकरण तिथलंच आहे आणि त्यात साध्या माणसांची आयुष्यभराची कमाई अडकली.

रीडेव्हलपमेंटच्या आशेवर खोली घेणारे खूप असतात. सेसवाल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूला मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली किमान ३०० चौरस फूट मिळतात हे खरंय, पण कधी? आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबं ट्रान्झिटमध्ये (नवी बिल्डिंग होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात) गेली ती अजून परत आली नाहीत. खोली आज जशी आहे तशी चालणार असेल तरच घ्या. लिफ्ट नाही, संडास कॉमन आणि गॅलरीच्या टोकाला, रात्री म्हाताऱ्या माणसाचे फार हाल होतात. आईचे गुडघे गेले म्हणूनच आम्ही निघालो.

शेजार मात्र गिरगावचाच. दार दिवसभर उघडं, पोरं कोणाच्याही घरी जेवणार, आणि केशवजी नाईक चाळीत १८९३ पासूनचा गणपती चालत जाऊन बघायचा. तरी डोंबिवलीत संस्कृती नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो, पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये इथेच सुरू झाली आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडला एकदा येऊन बघाच.

दोघंच असाल, ऑफिस तिकडे आणि लोनशिवाय जमत असेल तर गिरगाव घ्या. आई-वडील सोबत असतील तर डोंबिवली, तेही स्टेशनपासून चालत जाता येईल असं.