हिदायतुल्लांची फाईल आणि महालातले बाइंडर: पाचपैकी साडेतीन

आधी कामाचं सांगते. दुकान नागपूरच्या महाल भागात, गल्लीच्या आत, वर पाटी नाही. नाव मुद्दाम देत नाही. दोन जाड खंड, धाग्याची शिलाई, काळं रेक्झीन, पाठीवर सोनेरी अक्षरं, सगळे मिळून ६५० रुपये. शिलाईला तोड नाही. खंड टेबलावर उघडा ठेवला की सपाट पडून राहतो, एका हाताने दाबून धरावा लागत नाही. झेरॉक्सवाले गरम गोंदाने चिकटवून देतात ते नागपूरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पानं सोडायला लागतं. इथे ती भीती नाही.

तारखांचं मात्र विचारू नका. आठ दिवस सांगून पाचव्या आठवड्यात काम हातात आलं. मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक होते, त्यामुळे पुढची तारीख ऐकण्याची सवय आहे, पण तिथे निदान रोजनाम्यात कारण तरी लिहायचे.

आता बांधायला काय दिलं होतं ते. भारताचे माजी सरन्यायाधीश न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांच्यावर बरीच वर्षं जमवलेले कागद: कात्रणं, भाषणांच्या झेरॉक्स, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले निकाल. हे निकाल आता फुकट मिळतात. नोकरीत असताना एका जुन्या निकालाच्या नकलेसाठी ग्रंथपालांच्या मागे फिरावं लागायचं. हिदायतुल्लाच का, असं घरचेही विचारतात. जन्म लखनौचा, १९०५ चा, शाळा रायपूरला, पण माणूस घडला तो आमच्या मॉरिस कॉलेजात. केंब्रिजला शिकून, बॅरिस्टर होऊन आल्यावर १९३० मध्ये वकिली सुरू केली तीही नागपुरातच. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९५४ मध्ये तिथलेच मुख्य न्यायमूर्ती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते न्यायालयच राहिलं नाही आणि ते जबलपूरला गेले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीसमोरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

तर मी चार गठ्ठे दिले, लाल फितीने बांधून, वर चिठ्ठ्या लावून. सलग पृष्ठांक टाकले नव्हते, ती माझी चूक. काम घरी आणून पाहते तो सगळं उलटंपालटं. १९७० चे निकाल पहिल्या खंडात शिरलेले, १९६९ ची कात्रणं दुसऱ्यात, थेट १९८२ ला चिकटून. दुसऱ्या दिवशी खंड घेऊन दुकानात गेले. बाइंडर काका गिऱ्हाइकात होते, गल्ल्यावर त्यांचा मुलगा.

"मॅडम, तुमचे कागद मागंपुढं झाले होते, म्या बराबर लावून देल्ले," तो म्हणाला. "जजचे एकीकडे, राष्ट्रपतीचे एकीकडे."

"अरे, पण ते राष्ट्रपती झाल्यावर परत जज झाले होते."

"काऊन चेष्टा करता जी? कलेक्टर झाल्यावर कोनी पुन्हा तहसीलदार होते का?"

मला हसू आलं, पण खरं तर पोराचा प्रश्न चोख होता. तिथेच उभं राहून सांगावं लागलं. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कारभार पाहू लागले. आता गिरींनीही खुर्ची सोडली तर कोण? राज्यघटनेत याचं थेट उत्तर नव्हतं, म्हणून त्याच मे महिन्यात संसदेने कायदा केला, की अशा वेळी सरन्यायाधीशांनी काम पाहावं. पुढे गिरींना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. १९ जुलैला त्यांनी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि २० जुलैला राजीनामा दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात गेले. त्याच रात्री माणूस चंद्रावर उतरला. दहा-बारा दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, त्यांचं स्वागतही यांनीच केलं. निवडणूक गिरीच जिंकले, २४ ऑगस्टला त्यांनी शपथ घेतली, आणि हिदायतुल्ला झगा चढवून परत आपल्या जागी येऊन बसले. एकूण पस्तीस दिवस.

"मंग पेन्शन कोनती भेटली?" पोराने विचारलं. याचं उत्तर माझ्या फाईलीत नाही.

माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढेच आहे आणि ती नेमकी त्याने फोडून दोन खंडांत टाकली होती. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला ९ ऑगस्टला मंजुरीची सही दिली ती हिदायतुल्लांनीच. मग तो कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानाला आला. अकरा न्यायाधीश बसले, अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती जे. सी. शाह. सरन्यायाधीश हिदायतुल्ला त्या पीठावर नाहीत. १० फेब्रुवारी १९७० ला कायदा रद्द झाला. सहीचं कात्रण आणि हा निकाल एकामागोमाग वाचायला मिळावेत, एवढ्यासाठी तर मी गठ्ठे लावले होते. संस्थानिकांच्या तनख्यांचा निकाल १५ डिसेंबरचा, त्यात ते सरकारच्या विरोधात बहुमताबरोबर होते. दुसऱ्या दिवशी निवृत्त. १९७९ मध्ये उपराष्ट्रपती, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ग्यानी झैलसिंग उपचारासाठी अमेरिकेला गेले तेव्हा काही आठवडे पुन्हा राष्ट्रपतींचं काम. हे दुसऱ्यांदाचं ऐकल्यावर पोराने हातच जोडले.

काका मधे पडले. सगळं उसवून परत बांधून दिलं, चार दिवसांत, आणि पैसे घेतले नाहीत. याचे पूर्ण गुण.

मग साडेतीनच का? समासामुळे. माझ्या सगळ्यात लाडक्या निकालाचा समास त्यांच्या कटिंग मशीनने खाल्ला. निकाल १९६६ चा, मिरजकर खटल्याचा. मुंबई उच्च न्यायालयात बदनामीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने विनंती केली की माझी साक्ष छापू देऊ नका, आणि न्यायाधीशांनी तसा तोंडी आदेश दिला. तोंडी! वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊपैकी आठ न्यायाधीशांनी त्यांना परत पाठवलं. एकटे हिदायतुल्ला विरोधात: उघड न्यायालयात साक्ष चालते तर तिची बातमी दाबायची कशी, आणि न्यायालयाच्याच आदेशाने मूलभूत हक्काला धक्का लागला तर त्याचीही दाद का मागू नये. मोठ्या वकिलांना यात घटनेचे प्रश्न दिसतात. मला पहिल्यांदा वाचताना एकच दिसलं: आदेश झाला तेव्हा लघुलेखकाची पेन्सिल कुठे होती?

तो प्रश्न मी तेव्हा समासात लिहिला होता, पिटमनच्या लघुलिपीत, आणि पुढे पानोपानी टिपा. मशीनने कडेचं बोटभर कापलं. देवनागरी अक्षर अर्धं कापलं तर माणूस अंदाजाने वाचतो. पिटमनमध्ये रेघ अर्ध्या लांबीची झाली की तिला पुढे 'ट' नाहीतर 'ड' जोडला जातो, म्हणजे शब्दच बदलतो. माझ्याच टिपा आता मला भलतंच काहीतरी सांगतात. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "मॅडम, मले वाटलं लेकराने रेघोट्या मारल्या."

बाइंडिंगला देणार असाल तर पृष्ठांक टाका, आणि कडा कापू नका असं आधी सांगा, शक्यतो चिठ्ठीवर लिहून. शनिवारी दुपारी दुकान बंद असतं.