जुनं सागवानी फर्निचर: वर्कशॉपला देऊन पीयू की घरी मिस्त्री बोलवून चपडा?

नाशकातले जुने वाडे एकेक करून रीडेव्हलपमेंटला जातायत आणि प्रत्येक वाड्यातून दोनचार सागवानी वस्तू फ्लॅटमध्ये येतातच, मग त्यांचं करायचं काय हा प्रश्न पडतो. वर्षभरात ओळखीतल्या तिघाचौघांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी दोन्ही करून बघितलंय, एकाच घरात, एकाच हिवाळ्यात. जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या अंबडच्या बाजूला एका वर्कशॉपला देऊन पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून स्प्रेने मारायचं पॉलिश) करून घेतल्या, आणि आजोबांचं कपाट, लिहायचं मेज आणि झोपाळा पंचवटीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडून घरच्या घरी, चपडा-स्पिरिटचं, म्हणजे लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं, हाताचं पॉलिश. याला आता चौथं वर्ष चाललंय, त्यामुळे नव्याची चमक सोडून बोलता येईल.

आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की आमच्याकडे खालचं सामान वर चढवायला सुरुवात व्हायची, पण 2019 च्या ऑगस्टमधल्या त्या रविवारी पाणी इतक्या पटकन आलं की धान्य आणि कागदपत्रं वर नेईपर्यंतच दमछाक झाली, कपाट आणि टेबल जागेवरच राहिलं. दोन दिवस गोदेच्या गाळात उभं होतं सगळं. लाकडाला म्हणाल तर फारसं काही झालं नाही, जुना साग आहे, पण सांधे सगळे हलायला लागले. तेव्हा कारण कळलं नव्हतं, नंतर मिस्त्रींनी सांगितलं की जुनं काम सरसाने (जनावरांच्या हाडा-कातड्याच्या डिंकाने) जोडलेलं असतं आणि सरस पाण्याने सुटतो. हे ऐकून मी हळहळलो तर ते म्हणाले, "दादा, सुटला हेच चांगलं झालं, नाहीतर खोलताना कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) मोडलं असतं."

दुरुस्तीतला फरक इथेच दिसला. मिस्त्रींनी कपाट पूर्ण खोललं, खाचेतला जुना सरस पटाशीने खरवडून काढला (त्यावरच फेव्हिकॉल ओतलं तर ते लाकडात मुरत नाही, सहा महिन्यांत परत हलायला लागतं), मग जोडून दोरीने आवळून रात्रभर ठेवलं. एका पायाचा खालचा भाग कुजला होता, तिथे वाड्याच्याच मोडक्या चौकटीतला सागाचा तुकडा बसवला, म्हणून रंग जुळला. वर्कशॉपमध्ये खुर्च्यांना काय केलं ते मी बघायला नव्हतो, पण दोन खुर्च्यांच्या सांध्यात पिन गनच्या पिना मारल्यात हे नंतर दिसलं. खुर्च्या आज घट्ट आहेत, खोटं बोलणार नाही, फक्त उद्या खोलायची वेळ आली तर लाकूड फाटल्याशिवाय त्या पिना निघतील असं वाटत नाही. सगळीच वर्कशॉप असं करत असतील असंही नाही, तुम्ही आधीच विचारून घ्या.

दिसण्यात सुरुवातीला वर्कशॉपचंच काम उजवं होतं, म्हणजे टेम्पोतून टेबल उतरवलं तेव्हा आई म्हणाली नवीनच आणलं की काय. स्प्रेने केलेलं असल्यामुळे एकसारखं, ब्रशची रेघ नाही, धुळीचा कण नाही, आणि मॅट हवं तर मॅट, ग्लॉसी हवं तर ग्लॉसी. हे घरी जमत नाही, पीयू घरी करणारे आहेत पण सुकेपर्यंत धूळ बसते आणि हार्डनरचा वास घरात घ्यायचा नाही हे माझं स्पष्ट मत. फक्त मशीनने घासल्यामुळे टेबलाच्या कडा जरा गोल झाल्या आणि एका कोपऱ्यावर आत्याने लहानपणी पिनेने कोरलेलं स्वतःचं नाव गेलं. हे मी आधी सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. मिस्त्री काचेच्या तुकड्याने खरवडतात, हळूहळू, जुनं पॉलिश तेवढं निघतं आणि खालचं लाकूड तसंच राहतं. मेजावर आजोबांच्या दौतीचा शाईचा डाग होता, तो ठेवायचा का काढायचा हे त्यांनी मला विचारलं. ठेवला.

घरी काम काढण्याचा त्रास मात्र आहे. आमचं बारा दिवस चाललं, त्यातले तीन दिवस मिस्त्री आलेच नाहीत कारण लग्नसराई आणि गावाकडे कार्य. हॉलभर भुसा, स्पिरिटचा वास, गॅस पेटवताना सांभाळायचं, बायकोला दम्याचा त्रास आहे म्हणून ती चार दिवस माहेरी. वर्कशॉपला टेम्पोत भरून दिलं की विषय संपला, हे सुख मोठं आहे. पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच गेले, पीयू स्क्वेअर फुटावर आणि मिस्त्री रोजावर.

आता ज्यामुळे माझं मत फिरलं ते सांगतो. पहिल्याच दिवाळीत भाच्याने किल्ल्यासाठी आणलेला पत्र्याचा डबा टेबलावरून ओढला आणि वीतभर लांब ओरखडा गेला, पीयूच्या थराच्या आरपार. काळ्या शेडवर पांढरी रेघ. मला वाटलं फोन केला की कोणीतरी येऊन टचअप करेल. तिकडून सांगितलं की एवढंच करता येत नाही, पॅच दिसेल, पूर्ण टॉप उतरवून घासावा लागेल, टेम्पोने पाठवा. मी दोन तीनदा विचारलं, त्यांनी दरवेळी शांतपणे हेच सांगितलं, आणि नंतर कळलं की ते खरंच बोलत होते. पीयू हार्डनरने एकदा पक्कं झालं की कशातच परत विरघळत नाही, त्यामुळे नवीन कोट जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. म्हणजे चूक त्यांची नाही, पण मग एका वीतभर ओरखड्यासाठी सहा माणसांचं टेबल लिफ्टमधून खाली न्यायचं, पंधरा दिवस जमिनीवर जेवायचं आणि परत जवळपास तेवढेच पैसे द्यायचे. नाही पाठवलं. मग त्या फटीतून रोजचं पुसायचं पाणी आत जायला लागलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात रेघेच्या दोन्ही बाजूंनी पापुद्रा उचलला. आता तिथे टेबलमॅट असतो, आणि रोज जेवायला बसताना माझा हात आपोआप त्या जागेवर जातो.

त्याच सुमारास मेजावर कोणीतरी गरम चहाचा कप ठेवला आणि पांढरं वर्तुळ उठलं. चपड्याचा हा दोष आहेच, गरम आणि ओलं सहन होत नाही, आणि सॅनिटायझर सांडलं तर लगेच चिकट होतं कारण त्यात अल्कोहोल असतं. पण ज्या अल्कोहोलने ते बिघडतं त्यानेच दुरुस्तही होतं. मिस्त्री संध्याकाळी सायकलवर आले, पिशवीत एक बाटली आणि सुती फडक्यात कापूस बांधून केलेला बोळा, तो जेमतेम ओला करून त्या जागेवरून हलका फिरवत राहिले, जुना थर जरासा विरघळला, अडकलेला ओलावा सुटला आणि वर्तुळ गेलं. वीस मिनिटं. चहा घेतला, पैसे घ्यायला नको म्हणत होते, मीच दिले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बोळा हातात देऊन शिकवलं, आता छोटंमोठं मीच करतो.

म्हणून माझं मन चपड्याकडे झुकतं, पण सगळ्यांनी तेच करावं असं म्हणणार नाही. लहान मुलं असतील, जेवणाचं टेबल असेल, किचनजवळची वस्तू असेल, तर पीयू आपली वर्षं नीट काढतं आणि ओल्या फडक्याने बिनधास्त पुसता येतं. नवीन प्लाय-व्हेनीअरच्या फर्निचरला तर मी पीयूच सांगेन. पण आजोबा-पणजोबांची वस्तू असेल, जी पुढे मुलीकडे जावी असं वाटतं, तिला असं पॉलिश असावं जे कोणीही कधीही थोडंसं दुरुस्त करू शकेल, असं मला आपलं वाटतं.

ठरवण्याआधी सध्या काय लावलंय ते बघा. मागच्या बाजूला, दिसणार नाही तिथे स्पिरिटचा थेंब कापसाने लावा, चिकट झालं तर चपडा आहे, मग बहुतेक वेळा सगळं उतरवायची गरजही नसते, नुसतं साफ करून वरून हात मारला तरी पुष्कळ होतं. काहीच झालं नाही तर पीयू किंवा मेलामाइन (असंच स्पिरिटने न विरघळणारं दुसरं पॉलिश) धरून चला. मिस्त्रींना चपड्याच्या पापड्या आणायला सांगा आणि तुमच्यासमोर भिजवायला सांगा, कारण बरेच महिने तयार पडून राहिलेलं पॉलिश नीट सुकत नाही, बोट लावलं की ठसा उमटतो. चपडा म्हणजे लाखच, पळस-बोर-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली, जास्त करून झारखंड-छत्तीसगडकडची, त्यामुळे वास येतो तो स्पिरिटचाच, सुकल्यावर काही राहत नाही. आणि पावसाळ्यात काम काढू नका, हवेतला ओलावा थरात अडकून पांढुरकी झाक येते. एप्रिल-मे मध्ये स्पिरिट फार लवकर उडतं आणि पट्टे पडतात. दिवाळी ते शिवरात्र, नाशिकची कोरडी थंडी, तेवढ्यात उरकून घ्या.

आमच्या टेबलाचं या वर्षी ठरलंय. मिस्त्रींनी परवा येऊन बघितलं, पापुद्र्याखाली नख घालून उचललं आणि म्हणाले लाकूड चांगलं आहे, कार्तिकी एकादशी झाली की येतो, काचा आणून ठेवा.