स्मार्टमॉनटूल्स : ‘पास्ड’ वाचून थांबणाऱ्यांच्या कामाचं नाही

सर्व्हरच्या कर्नल लॉगमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या नोंदवहीत) ‘आय/ओ एरर’ची, म्हणजे वाचन-लेखन फसल्याची, ओळ आली की आधी ठरवावं लागतं, दोष डिस्कचा, केबलचा की कंट्रोलरचा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते, त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात. त्या वाचून दाखवणाऱ्या स्मार्टमॉनटूल्सइतकं कामाचं, आणि तेही फुकटचं, हत्यार सापडणं कठीण. गोची एवढीच की त्याचा सगळ्यात ठळक निकाल सगळ्यात कमी भरवशाचा आहे.

त्यातल्या स्मार्टसीटीएल या कमांडला कॅपिटल एच लावून विचारलं की उत्तर येतं ‘पास्ड’. म्हणजे कंपनीनेच आखलेली धोक्याची रेषा डिस्कने अजून ओलांडलेली नाही, इतकंच. ही रेषा बरीच सैल असते. ढिगाने सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) खराब झाले तरी ‘पास्ड’ कायम राहू शकतं. म्हणून स्मॉल एक्स लावून पूर्ण अहवाल काढा. कॅपिटल एक्स चुकून लागला तर डिस्कची चालू असलेली स्वतःची टेस्ट रद्द होते, आणि सहा तास वाट पाहिलेली पाण्यात जाते.

अहवाल लांबलचक असतो. त्यात प्रत्येक नोंदीला एक नंबर असतो. सरळ रॉ व्हॅल्यूच्या, म्हणजे कच्च्या आकड्याच्या, रकान्यात जा. ५ नंबरला बदलून टाकलेले सेक्टर दिसतात, १८७ला दुरुस्त न झालेल्या एरर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, पण निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. त्या जागी पुन्हा लिहिलं आणि लिहिता आलं तर आकडा उतरतो. नाही आलं तर तो सेक्टर बदलला जातो आणि ५ नंबर वाढतो. १९७ला एकदम ८ दिसले तर दचकू नका, ४०९६ बाइटचा एकच सेक्टर ५१२च्या हिशेबात आठ मोजला गेलेला असू शकतो. ५ नंबर महिनोन्महिने जागचा हलला नाही तर नजर ठेवून चालवता येतं. आठवड्याभरात वाढत असेल तर डिस्क काढा.

१९९ची गोष्ट वेगळी. ही सीआरसी एरर, म्हणजे डिस्क ते कंट्रोलर या वाटेवर डेटा बिघडला. केबल, कनेक्टर, बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ती पाटी) तपासा. हा आकडा परत शून्यावर येत नाही, म्हणून आधी टिपून ठेवा, केबल बदला, आणि मग तो पुढे सरकतो का ते पाहा. हे न करता चांगल्या डिस्क भंगारात जातात. सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरला दिसणारे कोटींचे आकडेही असेच घाबरवतात. त्यात वरचे १६ बिट चुकांचे, खालचे ३२ नुसत्या कामांच्या मोजणीचे.

लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कने स्वतःला पूर्ण वाचून पाहणं, लावायचीच. ४ टीबीच्या फिरत्या डिस्कला सात-आठ तास धरा, सर्व्हरवर लोड असेल तर जास्त. ती ‘रीड फेल्युअर’वर अडली तर लॉगमध्ये पहिल्या खराब जागेचा एलबीए, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, मिळतो. बॅकअप नसेल तर इथेच थांबा, आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा वाचवणारं टूल) प्रत काढा. डिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, म्हणजे डेटा वाचवायला एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटात, असेल तर त्याचा ‘चेक’ चालवा. न वाचता आलेला भाग दुसऱ्या डिस्कवरून घेऊन तो परत लिहितो. हाताने लिहायचं तर ४०९६ बाइटचा अख्खा ब्लॉक लिहा. फक्त ५१२ लिहिले तर डिस्कला आधी तोच खराब सेक्टर वाचावा लागतो, आणि गाडी तिथेच अडते.

या टूलचा सगळ्यात दुर्लक्षित पर्याय म्हणजे एससीटीईआरसी. खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ खटपट करायची ते तो ठरवतो. घरगुती डिस्क एका खराब सेक्टरशी मिनिट-दोन मिनिटं झटत बसू शकते. लिनक्स मात्र ३० सेकंदांत कंटाळतं, लिंक रीसेट करतं आणि जवळजवळ धडधाकट डिस्क रेडबाहेर फेकली जाते. वाचन-लेखन दोन्हीला ७० द्या, म्हणजे ७ सेकंद. बहुतेक डिस्क वीज गेली की हे विसरतात, तेव्हा बूट स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्कला हा पर्याय नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा.

उणिवा आहेत. मेगारेड या रेड कंट्रोलरमागच्या डिस्कला तिचा डिव्हाइस आयडी द्यावा लागतो आणि तो स्लॉट नंबर असेलच असं नाही. चुकीच्या डिस्कचा अहवाल वाचणं इथेच घडतं. एसएएस (सर्व्हरमधल्या एका जोडणीच्या) डिस्कवर हा नंबरांचा तक्ताच नसतो, तिथे ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’, म्हणजे वापरात वाढलेल्या दोषांची यादी, बघा. एनव्हीएमई एसएसडीवर ‘अव्हेलेबल स्पेअर’ (उरलेली राखीव जागा) आणि ‘मीडिया एरर्स’. शिवाय अहवाल कोरा म्हणजे डिस्क ठणठणीत असंही नाही: गुगलने २००७मध्ये मांडलेल्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर, तापमान सोडलं तर, स्मार्टची एकही खूण नव्हती.

रोजच्या पहाऱ्याला यातलाच स्मार्टडी हा पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम आहेच. दर ३० मिनिटांनी तपासतो. रोज शॉर्ट आणि शनिवारी पहाटे लाँग टेस्ट लावा. कॉन्फिगमध्ये ‘-एम टेस्ट’ एकदा घालून मेल खरोखर पोचतो का ते बघाच. सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नसेल तर स्मार्टडीच्या इशाऱ्याचा मेल कोणाच्याच हाती पडत नाही.